गाडी बांधायला दोरी नको, पट्टे द्या: पॅकर्स-मूव्हर्स आणि ट्रान्सपोर्टच्या मालकांना खुलं पत्र

नमस्कार मालक मंडळी,

मी पुण्यात वाकडला टू-व्हीलरचं गॅरेज चालवतो, एकोणीस वर्षं झाली. पत्रबित्र लिहायची सवय नाही मला, पण मागच्या आठवड्यात परत तशीच एक गाडी आली आणि रात्री जेवताना पण ती डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी ओळखतो, काहींच्या स्वतःच्या गाड्या माझ्याकडे सर्व्हिसिंगला असतात, तेव्हा हे भांडण समजू नका. पण जे वर्षानुवर्षं बघतोय ते आता सांगायलाच पाहिजे.

जून-जुलै आला की आमच्या भागात नवीन पोरंपोरी येतात, कुणाची पहिली नोकरी, कुणाची बदली, नागपूरहून, इंदूरहून, हैदराबादहून, बेंगळुरूहून, आणि मागून ट्रकनं त्यांच्या गाड्या येतात. ट्रकमधून उतरलेली गाडी बऱ्याचदा ढकलत सरळ माझ्याकडेच येते. मागच्या आठवड्यातली पल्सर 150 होती, नागपूरहून आलेली, एका मुलीची. तिच्या भावानं वापरून तिला दिलेली. पॅकिंग बघून मला आधी बरं वाटलं, बबल रॅप, त्यावर पुठ्ठा, त्यावर चिकटपट्टीचे इतके वेढे की कटरनं कापायला वीस मिनिटं गेली. पुठ्ठा निघाला आणि टाकीवर दोरीचा चर दिसला. बोटाएवढा रुंद, आधी रंग गेलेला, मग प्रायमर, आणि मधोमध उघडा पत्रा, त्याच्यावर गंजाची तांबूस रेघ. क्लचचा लिव्हर अर्धाच होता. साइड स्टँडचा ब्रॅकेट चेसिसपाशी वाकलेला, गाडी स्टँडवर लावली की एवढी कलायची की हात सोडायची भीती. आणि पुढच्या उजव्या शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ, म्हणजे ऑइल सील गेलं. ती मुलगी बाजूला उभी होती, काही बोलली नाही, फक्त फोन काढून भावाला फोटो पाठवायला लागली आणि मग पाठवलेच नाहीत. भाडं भरलं होतं सहा हजार. माझं बिल झालं साडेआठ हजार, त्यात माझी मजुरी मी कमी लावली तरी.

आता मला सांगा, पॅकिंगला कुणी कमी केली होती का? नव्हती. गुंडाळायला मनापासून गुंडाळली होती. पण पॅकिंग म्हणजे गुंडाळणं असं आपण सगळ्यांनी धरून चाललोय, गिऱ्हाईकानं पण आणि तुम्ही पण, आणि बांधण्याकडे कुणाचं लक्षच नाही. बबल रॅपनं ओरखडा थांबतो, पडणारी गाडी नाही थांबत. उलट पुठ्ठ्यानं झाकल्यामुळे दोरी आत कशी बसलीय ते कुणाला दिसतच नाही, आणि तीन दिवस ती दोरी पुठ्ठ्याला भोक पाडून आतल्या धुळीसकट टाकीवर घासत राहते. पॉलिश पेपरसारखी.

यातली मुख्य गोष्ट एकच आहे आणि ती समजली की बाकी सगळं आपोआप समजतं. मोटरसायकल हा फ्रिज किंवा कपाट नाही, ती स्प्रिंगवर उभी असते. पुढे दोन शॉकअप, मागे दोन किंवा एक, आणि खाली हवेची चाकं. कपाट दोरीनं आवळलं की आवळलं, त्याची उंची बदलत नाही. गाडीची उंची प्रत्येक खड्ड्याला बदलते. तुमच्या माणसानं गाडी नुसती उभी करून दोरी कितीही आवळली तरी ट्रक खड्ड्यात आपटला की गाडी दोन इंच खाली बसते, तेवढ्या क्षणापुरती दोरी सैल पडते, गाडी एका बाजूला झुकते, आणि परत वर येताना दोरी सरकून भलत्याच जागी बसते. असं एकदा नाही, नागपूर ते पुणे हजारो वेळा होतं. गाठ सुटलेली नसते, तरी गाडी पडलेली असते. ड्रायव्हर शपथेवर सांगतो की दोरी जशीच्या तशी होती, आणि तो खरंच बोलत असतो.

म्हणून बांधायच्या आधी पुढचा शॉकअप दाबायचा असतो. एक माणूस गाडीवर बसला, पुढचा ब्रेक धरून हॅन्डलवर जोर दिला की गाडी खाली जाते, आणि दुसऱ्यानं दोन्ही बाजूचे पट्टे थोडे थोडे करून, एकदा डावा एकदा उजवा, असे आवळायचे की सोडल्यावर शॉकअप तसाच दाबलेला राहिला पाहिजे. मग स्प्रिंगच वर ढकलत पट्टा ताणून धरते. खड्डा आला तरी पट्टा सैल पडत नाही. किती दाबायचा, तर तिसरा हिस्सा ते निम्मा, बस. काही ठिकाणी उत्साहात पार तळाला टेकवतात आणि तीन दिवस तसाच ठेवतात, मग आतलं तेल सीलमधून बाहेर येतं, त्या मुलीच्या गाडीचं मला तेच वाटतं, एका बाजूची दोरी जास्त ओढलेली. जोर जास्त होतोय असं वाटलं तर पुढचं चाक आणि खालची टी, म्हणजे दोन्ही शॉकअप पकडून ठेवणारा लोखंडी तुकडा, यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा बसवायचा, मडगार्ड वर असलेल्या गाडीला तो नीट बसतो, म्हणजे शॉकअप ठरल्यापेक्षा जास्त खाली जातच नाही.

पट्टा कुठे बांधायचा हे पण सांगतो, कारण निम्मं नुकसान इथंच होतं. हॅन्डलच्या टोकाला नाही. ग्रिपपाशी बांधला की हॅन्डल फिरतं, वाकतं, आणि लिव्हर तुटतो. दोन्ही शॉकअप जिथे पकडलेले असतात त्या खालच्या टीला बांधायचं, तिथे लोखंड जाड असतं आणि ओढ सरळ चेसिसला बसते. लोखंडी हुक थेट तिथे अडकवायचा नाही, त्यानं क्रोम खरवडतं आणि सैल पडला तर निसटतो, मऊ कापडी पट्ट्याचा फास घालायचा आणि हुक त्या फासात. तिथून पट्टा पुढे आणि बाहेरच्या बाजूला, हौद्याच्या कडीपर्यंत, जमिनीशी साधारण 45 अंशात. सरळ खाली ओढला तर गाडी कलायला मोकळी, फार आडवा ओढला तर शॉकअप दाबला जात नाही. पुढचं चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला किंवा लाकडी पाचरीला टेकलेलं पाहिजे. मागे चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, किंवा मागच्या फुटरेस्टच्या ब्रॅकेटला दोन पट्टे, ते पुढच्याएवढे आवळायची गरज नाही, मागचं चाक उड्या मारत बाजूला सरकू नये एवढंच त्यांचं काम. लेग गार्डला बांधू नका, दोन-तीन बोल्टवर असतो तो. आणि चाकातून, डिस्कमधून दोरी घालणं तर पूर्ण बंद करा हो. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आहे, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, चाकापाशी बारीक सेन्सरची वायर असते, दोरी ओढली की तुटते, आणि डिस्क जरा जरी वाकली तरी ब्रेक लावताना हॅन्डल थरथरतं. गिऱ्हाईकाला ते आठ दिवसांनी कळतं, तोपर्यंत तुमची पावती सही होऊन गेलेली असते.

स्टँडचं काय? स्टँड वर. साइड स्टँडवर पण नाही आणि डबल स्टँडवर पण नाही. हे सांगितलं की सगळ्यात जास्त वाद होतो, कारण गाडी स्टँडवरच उभी राहणार असं डोक्यात बसलेलं असतं. पण साइड स्टँड ही एक बारीक नळी आहे, उभ्या गाडीचं थोडं वजन पेलायला केलेली. वरून दोरीनं आवळलं आणि खालून ट्रक आपटला की सगळा मार तिच्या ब्रॅकेटवर. डबल स्टँडवर मागचं चाक अधांतरी, जोरात ब्रेक मारला की गाडी स्टँडवरून पुढे उतरते आणि सगळ्या दोऱ्या एकदम सैल. गाडी दोन्ही चाकांवर, पहिल्या गिअरमध्ये, सरळ, पट्ट्यांच्या जोरावर उभी राहिली पाहिजे. नीट बांधलेली गाडी हातानं हलवली की ट्रक हलतो, गाडी नाही हलत. हीच परीक्षा.

स्कूटरचं थोडं वेगळं, तिची खालची टी पॅनेलच्या आत झाकलेली असते, म्हणून हॅन्डलच्या खाली मानेला फास आणि फूटबोर्डवरून गोधडी किंवा गोणपाट घालून एक आडवा पट्टा, आणि ब्रेक लॉक लावलेला. प्लॅस्टिकवर कुठेच थेट ताण नको.

आता दोरीबद्दल. बाजारात आपण जिला नायलॉन म्हणतो ती पिवळी-निळी दोरी बऱ्याचदा नायलॉन नसतेच, पॉलिप्रॉपिलीन असते, गुळगुळीत, गाठ धरत नाही आणि उन्हात महिनोन्महिने राहून ठिसूळ होते. खरी नायलॉन असली तर ती ताणते, आणि पावसात भिजली की अजून ताणते. जुलैमध्ये ताडपत्रीतून पाणी गळणाऱ्या हौद्यात भिजणारच ती. रॅचेटचे, म्हणजे दातेरी खटक्याचे, पट्टे पॉलिएस्टरचे असतात, ते फारसे ताणत नाहीत, आणि रॅचेटनं एकेक दात आवळता येतो, गाठीसारखं अंदाजे नाही. पट्ट्यावर लेबल असतं किती किलोचा आहे त्याचं, ते बघून घ्या.

जोर किती येतो याचा हिशोब पण देतो, कारण एवढीशी गाडी, ती कुठे जाणार, असं मी गोडाऊनमध्ये अनेकदा ऐकलंय. युरोपात ट्रकमध्ये माल बांधायचं जे स्टँडर्ड आहे त्यात असं धरतात की ब्रेक मारल्यावर मालाच्या वजनाच्या 80 टक्के जोर पुढे येतो आणि वळणावर 50 टक्के बाजूला. 150 किलोची गाडी म्हणजे पुढे 120 किलो आणि बाजूला 75 किलो. बुलेट असेल तर 195 किलोचा हिशोब करा. खंबाटकी घाटाच्या वळणावर एक माणूस पूर्ण ताकदीनं गाडीला बाजूनं ढकलतोय असं समजा, आणि मग तुमच्या हौद्यातली ती दोरी आठवा.

हे सगळं आपल्याकडे कुणाला येत नाही असं अजिबात नाही. चाकणच्या रस्त्यावर उभं राहा, नव्या गाड्यांचे लांबच्या लांब कंटेनर जातात, आत रांगेत गाड्या, चाकं अडकवलेली, पट्टे लावलेले, पार ईशान्येपर्यंत पोचतात आणि शोरूममध्ये टाकीवर बोटाचा ठसा पण नसतो. रस्ते तेच, खड्डे तेच. मग सेकंडहँड गाडीनं काय पाप केलंय? तिचा मालक तर कंपनीपेक्षा जास्त जपणारा असतो.

आणि मी हमालांना दोष देत नाहीये, हे नीट लिहायचंय मला. गेल्या वर्षी ओळखीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यांनी मला रविवारी गोडाऊनवर बोलावलं होतं, माणसांना जरा दाखवा म्हणाले. तिथे लातूरकडचे एक काका होते, तीस वर्षं ट्रक भरतायत. त्यांनी आधी त्यांच्या पद्धतीनं गाडी बांधून दाखवली आणि खरं सांगतो, असा हात मी बघितला नाही. दोरी कडीतून घालून परत तिच्यातच अडकवून गुडघा लावून ओढली की तारेसारखी वाजायची. मी गाडीवर बसून एक उडी मारली, शॉकअप दबला, दोरी लोंबली. काका बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे माजी गाठ सुटत न्हाई, गाडीच खाली जाती." मी अर्धा तास जे समजावणार होतो ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मी आणलेले पट्टे त्यांनी पहिल्याच खेपेला माझ्यापेक्षा सरळ लावले, दोन्ही बाजूचा ताण बोटानं वाजवून सारखा करायचे. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्ये मालकाला सांगा. आमाला एका गाडीला धा मिनटं भेटत्यात आन् पट्टा कोन देतंय?"

काकांचं तेच वाक्य मी तुमच्यापर्यंत पोचवतोय. माणूस हुशार आहे, हात तयार आहे, त्याच्या हातात सामान नाही आणि घड्याळ मोकळं नाही. पूर्ण ट्रक भरायची उक्ती मजुरी असते, लवकर भरला तर दुसरा ट्रक मिळतो, मग एका गाडीला अर्धा तास कोण देणार? गाडी बांधायचे वेगळे पैसे द्या त्यांना, दोन माणसं आणि पंचवीस मिनिटं. एका गाडीला चार रॅचेट पट्टे आणि दोन मऊ फास लागतात, ते एकदा घेतले की वर्षानुवर्षं चालतात, आणि डिलिव्हरीच्या गाडीतून परत यायला पाहिजेत हे ड्रायव्हरच्या कागदावर लिहा. हा खर्च भाड्यात लावा ना, दोनशे-तीनशे रुपये जास्त घ्या आणि गिऱ्हाईकाला सांगा कशाचे घेतले. माझ्याकडे येणारा एकही माणूस असा नाही जो त्याला नाही म्हणेल.

अजून एक, गाडी एकदाच चढत नाही हे तुम्हाला माहितीय पण गिऱ्हाईकाला नसतं. घरून छोट्या टेम्पोत, टेम्पोतून गोडाऊन, गोडाऊनमधून लाइनच्या ट्रकमध्ये, तिकडे परत गोडाऊन, परत टेम्पो. म्हणजे तीनदा बांधली जाते, आणि बऱ्याच गाड्या मोठ्या ट्रकमध्ये नाही तर शेवटच्या दहा किलोमीटरला छोटा हत्ती टेम्पोमध्ये पडतात, कारण तिथे कुणी बांधतच नाही, एक पोरगा मागे बसून धरतो. तो पोरगा पडला तर? गाडी सोडा, दीडशे किलो त्याच्या अंगावर येतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय, पायाचं हाड मोडलं होतं त्याचं, अठरा-एकोणीसचा होता. टेम्पोत पण पट्टे पाहिजेत आणि मागे माणूस नको.

पेट्रोल काढा. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात टाकीत पेट्रोल असलं तर गाडी घेत नाहीत, ट्रकला मात्र कुणी विचारत नाही. आडव्या पडलेल्या गाडीच्या झाकणातून पेट्रोल झिरपतं आणि शेजारी गाद्या, पुठ्ठे, लाकडी पलंग. त्याच हौद्याच्या पुढे केबिनमध्ये ड्रायव्हर झोपलेला असतो. टाकी रिकामी करा, बॅटरीची वायर काढा, जुनी पाणी भरायची बॅटरी असेल तर ती बाहेरच काढून ठेवा, तिचं ॲसिड सांडलं की चेसिसचा रंग सोलून निघतो.

आणि थांबून बघणं. पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरमध्ये सगळं सामान बसतं, टायर बसतात, पट्टे थोडे ढिले होतात. पुण्याहून खाली जाणाऱ्यांनी खेड-शिवापूरला टोलच्या पुढे गाडी बाजूला घेऊन एकदा हौद्यात चढावं, चारही पट्टे हातानं ओढून बघावेत, एकेक दात आवळावा, मग खंबाटकी चढावी. पाच मिनिटं लागतात. ड्रायव्हरला ते करायला वेळ आहे असं तुम्ही सांगितलं तरच तो करेल, नाहीतर त्याला पोचायची वेळ दिलेली असते आणि तो बिचारा तीच पाळणार.

तुमच्या बिल्टीवर बारीक अक्षरात "मालकाच्या जोखमीवर" छापलेलं असतं त्याबद्दल पण बोलतो. त्यानं सगळी जबाबदारी संपते असं समजू नका. कॅरेज बाय रोड ॲक्ट 2007 आहे, त्यात माल वाहणाऱ्याची जबाबदारी लिहिलेली आहे, आणि बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस दिली तर माणूस नुकसानीसाठी कोर्टात जाऊ शकतो. ग्राहक आयोग वेगळाच, आणि ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर फोन करून पण लोक तक्रार करतात. मी माझ्याकडे येणाऱ्यांना आता हे सांगायला लागलोय, फोटो काढा, सही करायच्या आधी पुठ्ठा फाडून बघा, नोटीस द्या. तुम्हाला हे आवडणार नाही, पण ती मुलगी माझ्यासमोर उभी असताना मी दुसरं काय सांगू? त्यापेक्षा तुम्हीच गाडी बांधून झाली की पुठ्ठा लावायच्या आधी चार फोटो काढा, चारही पट्टे दिसतील असे, आणि गिऱ्हाईकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. भांडणच उरणार नाही, आणि ज्याची गाडी आहे तो तीन रात्री शांत झोपेल.

बोलून पटत नसेल तर करून बघू. आमच्याकडे गुरुवारी गॅरेज बंद असतं. तुमच्यापैकी कुणीही एक रिकामी आयशर द्या, डिझेल माझं. माझ्याकडे दोन जुन्या युनिकॉर्न आहेत, सारख्याच. एक तुमच्या माणसांनी तुमच्या दोरीनं स्टँडवर बांधायची, हवी तेवढी आवळून, दुसरी माझ्या पट्ट्यांनी. दोन्ही टाक्यांवर दोरी-पट्ट्याच्या जागी खडूची रेघ मारू. खंबाटकी चढून, साताऱ्याला चहा पिऊन, बोगद्यातून परत येऊ. वाकडला फाळका मी नाही उघडणार, तुम्हीच उघडा. लातूरच्या त्या काकांना मात्र सोबत आणा, त्यांची हमाली मी देईन.